छपरात दर फेब्रुवारीला मधमाश्या: त्या परत का येतात आणि आम्ही शेवटी काय केलं

सलग तीन वर्षं आमच्या माडीच्या छपरात सातेरी मधमाश्यांनी घर केलं. दर वेळी फेब्रुवारी, दर वेळी तोच पश्चिमेचा कोपरा, आणि दर वेळी त्यांना ‘घालवल्यावर’ आम्ही हुश्श करून विषय सोडून दिला. चौथ्या वर्षी त्या आल्या, चार दिवस वळचणीला हुंगत फिरल्या आणि निघून गेल्या. मधल्या काळात काय काय चुकलं ते इथे लिहितेय. गेल्या दोन महिन्यांत गल्लीतल्या तिघींनी आणि दहिसरच्या मावसबहिणीने हेच विचारलं, आणि प्रत्येकीला फोनवर पाऊण तास सांगणं आता जमत नाही.

घर बोरिवलीच्या एक्सर गावठाणातलं, खाली दोन खोल्या, वर माडी. मंगलोरी कौलं, सागाचे वासे आणि वाशांच्या खालून सासऱ्यांनी ठोकून घेतलेलं फळ्यांचं सिलिंग. कौलं आणि फळ्यांच्या मध्ये वळचणीला वीतभर, आढ्याखाली हातभर पोकळी. कोरडी, अंधारी, मांजर पोचत नाही. डिपॉझिट नाही, पागडी नाही. मुंबईत अशी जागा मिळाली तर माणूस सोडेल का?

फ्लॅटवाल्यांनी इथे वाचणं सोडू नये. फॉल्स सीलिंगच्या वरची जागा, एसीचा पाइप भिंतीतून जातो ते अर्धवट बुजवलेलं भोक, बंद पडलेल्या एक्झॉस्ट फॅनची मागची बाजू, या सगळ्या पोकळ्याच. मधमाशीला त्यात आणि आमच्या कौलात काही फरक वाटत नाही.

आधी कोण आलंय ते बघा

दहिसरच्या बहिणीने सांगितलं, “छपरात मधमाश्या झाल्यात गं, गुणगुण चालू असते आणि खाली लाकडाचा भुसा पडतो.” भुसा म्हटल्याबरोबर कळलं. मधमाशी लाकूड कोरत नाही. तो भुंगा. काळाभोर, पंखांना निळसर झाक, अंगठ्याच्या पेराएवढा. जुन्या वाशात किंवा बांबूत तो गिरमिटाने पाडल्यासारखं गोल भोक पाडतो. नर तोंडासमोर येऊन दम देतो, पण त्याला नांगीच नसते. मादीला असते, मात्र मुठीत धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही. रिकाम्या भोकांत लांबी (पुट्टी) भरून वाशांना ऑइल पेंटचे दोन हात दिले की झालं. बहिणीने त्यासाठी फवारणीवाल्याला आगाऊ पैसे देऊन ठेवले होते.

गांधीलमाशी कंबरेवरून ओळखा, आणि उडताना तिचे लांब पाय खाली लोंबतात त्यावरून. तिचं घर राखाडी, कागदी, लहानशा उलट्या छत्रीसारखं. त्यात मध नसतो. भिंतीवर मातीची बोळकी चिकटवते ती कुंभारीण. तिच्याकडे लक्ष देऊ नका, एकटी बाई आहे. भोकाच्या तोंडाशी मेण-राळेची बारीक नळी दिसली आणि डासाहून जरा मोठ्या काळ्या माश्या तिच्यातून ये-जा करत असल्या, तर ती पोयाची माशी. तिला डंख मारता येत नाही. तिला हात लावणारा माणूस मला कळत नाही.

आग्या मोहोळ ही वेगळीच गोष्ट. ते पोकळीत कधी जात नाही. छज्जाखाली, पाण्याच्या टाकीखाली, उंच झाडाला उघड्यावर एकच भलंमोठं पोळं लटकतं. छपराच्या आत काही असेल तर ते आग्या नव्हे, एवढं धरून चाला. बाहेर आग्या असेल तर दगड नाही, फटाका नाही, रॉकेलचा बोळा तर नाहीच. हंगाम संपला की ते आपसूक उठतं. पुढच्या वर्षी त्याच छज्जाला पुन्हा लागू शकतं, पण तो सोसायटीने शांतपणे बसून ठरवायचा विषय आहे, वॉचमनच्या हातात मशाल देऊन सोडवायचा नव्हे. रात्री ट्यूबलाइटभोवती येऊन पडणाऱ्या माश्या बहुधा याच आग्याच्या. खिडकी लावा, दिवा मालवा, सकाळपर्यंत थांबा.

उरली सातेरी. आग्याच्या निम्म्याहून थोडी मोठी, अंगावर काळपट-पिवळ्या पट्ट्या. झाडाची ढोली, भिंतीतला पोकळ कोनाडा, वारूळ, छप्पर, जिथे अंधार असेल तिथे एकामागे एक अशी समांतर पोळी लावते. पेटीत पाळतात ती हीच, आणि छपरात निघते तीही बहुतेक वेळा हीच.

माझी खात्री कशी झाली ते सांगते. रात्री पंखा बंद केला, स्टुलावर चढले, स्टीलचा पेला सिलिंगला उपडा लावला आणि बुडाला कान टेकवला. आत पाण्याची मोटर लांबून ऐकू यावी तसा सतत आवाज. मग फळीवर एक टिचकी मारली. त्याबरोबर वरून ‘सस्स’ असा फूत्कार आला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ निघते तसा, आणि क्षणात थांबला. पुन्हा टिचकी, पुन्हा सस्स. धक्का लागला की सातेरीच्या माश्या एकदम पंख थरथरवतात, त्याचा तो आवाज. सासूबाई दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, “नाग असेल.” त्या रात्री त्या खाली झोपल्या.

आत आहेत की नुसत्या बघायला आल्यात?

सगळं निवारण या एका प्रश्नावर अवलंबून आहे आणि आम्ही तो पहिली दोन वर्षं विचारलाच नाही.

दुपारी चारच्या सुमाराला, ऊन पाठीवर घेऊन, छपरापासून पंधरा-वीस पावलांवर उभं राहा आणि पाव तास नुसतं बघा. माश्या हवेतल्या एका ठरलेल्या वाटेने येतात आणि कुठल्या तरी एका फटीत नाहीशा होतात. ती फट म्हणजे दार. आत जाणाऱ्यांच्या मागच्या पायांवर पिवळ्या-केशरी गोळ्या दिसल्या तर तो पराग, आणि पराग हे पिल्लांचं खाणं. म्हणजे राणी अंडी घालतेय, संसार थाटलाय. आता भोक बुजवून भागणार नाही.

पायांवर काही नाही, पन्नासेक माश्या फटीभोवती घिरट्या घालतायत, आत जातात, लगेच बाहेर येतात, भिंतीवरून चालत कडा चाचपतात, असं असेल तर त्या शोधक माश्या. घर पसंत करायला आल्यात. वसाहत फार वाढली की जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन बाहेर पडते, तो घोळका एखाद्या फांदीला लटकून राहतो आणि तिथून शोधक माश्या जागा बघायला जातात. परत येऊन त्या घोळक्यावर नाचतात, आणि त्या नाचात दिशा आणि अंतर सांगितलेलं असतं. १९४९ साली म्युनिकमध्ये मार्टिन लिंडावर यांना असा नाच करणाऱ्या माश्यांच्या अंगावर परागाऐवजी काजळी आणि विटांची लाल भुकटी दिसली. युद्धात पडलेल्या शहरातली धुराडी आणि पडक्या भिंती त्या बघून आल्या होत्या. लिंडावर हे कार्ल फॉन फ्रिश यांचे विद्यार्थी. मधमाशीचा नाच उलगडणाऱ्या फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. हे वाचल्यापासून मी फेब्रुवारीत आमच्या आंब्याला लटकलेल्या घोळक्यात कौलाची धूळ लागलेली माशी शोधत असते. अजून दिसली नाही, माझा चश्मा जुना आहे.

तर शोधक माश्या दिसल्या तर त्याच दिवशी अंधार पडल्यावर फट बंद करा. एवढं स्वस्त पुढे काहीच नाही. आणि फांदीला घोळका दिसला तर काहीच करू नका. त्यांच्या पोटात मध भरलेला असतो, राखायला पोळं नसतं, त्यामुळे त्या सहसा शांत असतात. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत जातात. पोरांना तेवढं लांब ठेवा.

पहिली दोन वर्षं

पहिल्या वर्षी गल्लीतून बादली घेऊन फिरणारे दोन मधवाले आले. पाचशे रुपये आणि अर्धा मध. कौलं उचलून धूर दिला, मधाची पोळी कापून बादलीत टाकली, पिल्लांची पोळी अंगणात फेकली आणि गेले. वाशाला चिकटलेलं मेण तसंच राहिलं. राणी पण राहिली असावी, कारण तिसऱ्या दिवशी माश्या त्याच जागी पुन्हा गोळा झाल्या. जूनमध्ये एकाएकी आवाज बंद झाला. आम्ही म्हटलं, पावसाने काम केलं.

पावसाने काम केलं हे खरंच. आपल्याकडे पावसाळा सातेरीला उपासाचा. फुलं कमी, बाहेर पडायला उघाड नाही. पोटाला मिळेनासं झालं की अख्खी वसाहत घर सोडून जाते. पण पोळ्यांचं मेण मागे राहतं, आणि त्याचा वास. किलोभर मेण करायला माश्यांना कित्येक किलो मध खर्ची घालावा लागतो, त्यामुळे जिथे जुन्या मेणाचा वास आहे ती जागा शोधक माश्यांना आयती वाटते. पूर्वी कोणी तरी तिथे राहून गेलंय, म्हणजे जागा चांगली. ‘पावसात आपोआप गेल्या’ आणि ‘फेब्रुवारीत परत आल्या’ या दोन तक्रारी नाहीतच, एकच आहे.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये आम्ही फवारणीवाल्यांना बोलावलं. नाव लिहीत नाही. त्यांनी त्यांना येतं तेच केलं. भोकातून औषध मारलं, दुसऱ्या दिवशी वळचणीखाली सूपभर मेलेल्या माश्या. साडेतीन हजार दिले आणि आनंदाने चहा पाजला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी नवरा माडीवर झोपला होता. उठला तर उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग, बोट लावलं तर चिकट. वर बघितलं तर फळ्यांच्या सांध्यातून एक थेंब हळूहळू लांबत होता. तुटला, पडला, दुसरा तयार.

का झालं असं? जिवंत वसाहत पिल्लांच्या जागेचं तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास धरून ठेवते. उकाडा वाढला की कामकरी माश्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. कौलाखालची मेमधली दुपार आठवून बघा. तिथे हा कूलर दिवसभर चालू असतो. माश्या मेल्या की कूलर बंद. मेण ६२-६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं आणि मधाच्या वजनाने पोळं फाटतं. आमच्याकडे ते सिलिंगवर कोसळलं. मागोमाग मुंग्या, मग डोंगळे, मग झुरळं, मग झुरळांमागे पाली. मेणकिड्याच्या अळ्यांनी उरलेल्या पोळ्यात जाळी विणली. मध औषध मिसळलेला, कोणी जिभेला लावायची सोय नाही. शिवाय बेवारशी मध लुटायला दुसऱ्या वसाहतींच्या माश्या येतात आणि ते विष आपल्या घरी घेऊन जातात. फळ्या उतरवून साफसफाईचे अकरा हजार झाले. त्या माणसांनी फळ्या घासून-पुसून पुन्हा ठोकल्या. वळचणीचं भोक कोणी बघितलं नाही, वाशांवरच्या मेणाच्या रेघाही तशाच. ते अकरा हजार मला अजून बोचतात.

फुलांचा यात दोष नाही

शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी निदान केलं होतं. “ती तुझी आइस्क्रीमची वेल काढ आधी. गुळाजवळ माश्या येणारच.” सासूबाईंनी रोज सकाळी तुळशीच्या मंजिऱ्या खुडायला सुरुवात केली. शेवग्यावर कुऱ्हाड येता येता राहिली.

खाणावळ आणि बिऱ्हाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातेरी किलोमीटरभर सहज हिंडते. आमच्या एका बाजूला गोराई खाडीची तिवरं आहेत, आजूबाजूच्या प्रत्येक वाडीत नारळ आहे आणि नारळ बारा महिने फुलतो. जानेवारी-फेब्रुवारीत आंब्याला मोहोर, मग करंज, जांभूळ. रेल्वेपलीकडे अख्खं राष्ट्रीय उद्यान. तिथली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, २०१६ नंतर २०२४ ला फुलली. एवढी पंगत बसलेली असताना माझी वेल म्हणजे पानातलं मीठ. ती काढल्याने एकही माशी घर बदलणार नाही.

नुकसान मात्र दुसऱ्यांचं होईल. जास्वंदीवर शिंजीर येतो, तिथेच ग्रिलच्या तारेला त्याचं लोंबतं घरटं असतं. कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या असतात, लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात म्हणून कोणी ओळखत नाही आणि झटकून टाकतं. हिवाळ्यात केबलच्या वायरवर वेडा राघू बसलेला असतो. हवेतल्या हवेत मधमाशी धरतो आणि नांगी निघेपर्यंत तिला वायरवर आपटतो. फवारणीच्या वर्षी तो आला नाही. फवारणीमुळेच, असं मी म्हणणार नाही, पण आला नाही.

झाडांच्या बाबतीत दोनच बदल केले. शयनखोलीच्या खिडकीला लागून असलेली वेल कुंपणावर चढवली, कारण दिव्याजवळ फुलं असली की चुकलेली माशी आत येते. आणि मावा पडला तर कडुनिंबाचं तेल संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर मारते, भर सकाळी नाही.

पाण्याकडे मात्र लक्ष द्या. एप्रिल-मेमध्ये एसीच्या ठिबकणाऱ्या पाइपवर, वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर, पक्ष्यांच्या भांड्यावर माश्या जमतात, आणि घरचे समजतात की मोहोळ लागलं. त्या फक्त पाणी भरायला आलेल्या असतात. बागेच्या लांबच्या टोकाला मातीच्या परळात खडे आणि पाणी ठेवा, पण मार्चपासूनच. एकदा एसीची सवय लागली की मग तुमच्या परळाकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत.

तिसरं वर्ष: काढायची कशी

पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. अशा ठिकाणी शिकलेला मधपाळ गाठा. आमच्याकडे आला तो पालघर जिल्ह्यातल्या वाड्याकडचा तरुण, ओळखीतून मिळाला. फोनवर त्याने पहिला प्रश्न विचारला, “ताई, औषध मारलंय का?” मारलं असेल तर पोळी पेटीत घेता येत नाहीत. दुसरा प्रश्न, “वरून हात घालता येतो का?” मधाला गिऱ्हाईक आहे का, हे त्याने विचारलंच नाही, तिथेच मला बरं वाटलं.

तो चारला आला. सिलिंगला हात लावला नाही; खालून फळ्या काढल्या तर मध आणि माश्या दोन्ही खोलीत येतात. वरून अकरा कौलं उतरवली. नारळाच्या शेंड्यांचा थोडा धूर. धुराने माश्या पोटात मध भरून घेतात आणि जरा सुस्तावतात. आत सात पोळी, सगळ्यांत मोठं हातभर, नवं मेण दह्यासारखं पांढरं. पिल्लांची पोळी त्याने सुरीने अलगद कापली आणि केळीच्या सोपटाच्या दोऱ्यांनी लाकडी चौकटीत बांधून मधपेटीत उभी केली. मधाची वेगळ्या डब्यात. राणी पाचव्या पोळ्यावर सापडली, लांब पोटाची, तुरुतुरु पळणारी. तिला छोट्या पिंजऱ्यात घालून पेटीत ठेवलं.

त्यानंतरचं दृश्य मी वाशाला धरून बघितलं. पेटीच्या दारात दहा-बारा माश्या रांगेत उभ्या राहिल्या, पोटाचं टोक वर करून जोरजोरात पंख हलवायला लागल्या. “बाकीच्यांना वास पाठवतायत, इकडे या म्हणून,” तो म्हणाला. पाच-सात मिनिटांत वाशावरच्या माश्या पायी चालत पेटीकडे निघाल्या. उडत नाही, चालत. वारकऱ्यांसारख्या.

पेटी अंधार पडेपर्यंत तिथेच ठेवली, कारण बाहेर गेलेल्या माश्या संध्याकाळी परततात. साडेसातला दार जाळीने बंद करून तो वाड्याला घेऊन गेला. पेटी तीन-चार किलोमीटरच्या आत ठेवली तर जुन्या माश्या पाठ असलेल्या वाटेने आपल्याच छपरावर परत येतात. तेव्हा “इथेच बागेत ठेवतो, तुम्हाला मध मिळेल” असं कोणी म्हणालं तर निदान महिनाभर तरी नको म्हणा. त्याने अडीच हजार आणि येण्याजाण्याचा खर्च घेतला. मागे राहिलेल्या शे-दीडशे माश्या आठवडाभर त्या जागी घुटमळल्या आणि संपल्या. त्यांच्यावर काही मारू नका.

भोक बुजवणं

खरं काम इथून पुढचं, आणि यालाच लोक कंटाळतात.

वाशांवरचं मेण पेंटरच्या पत्रीने खरवडलं. मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, घासून दोनदा. वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात. वास शंभर टक्के जात नाही, त्यामुळे दार बंद होणं महत्त्वाचं. आमचं दार होतं वळचणीला, वासा भिंतीवर टेकतो तिथे भिंतीचा गिलावा पडून झालेली दोन बोटांची फट. सातेरीला तेवढीही लागत नाही. करंगळी जाईल एवढ्या फटीतून अख्खी वसाहत ये-जा करते. म्हणून एक फट सापडली की थांबायचं नाही, पूर्ण वळचण आणि आढ्यावरच्या कौलांचे सांधे बोट फिरवून बघायचे. आम्हाला आणखी चार सापडल्या.

गवंडी म्हणाला, सगळीकडे सिमेंट मारतो. त्याला थांबवलं. छपराची पोकळी ठार बंद केली तर पावसाळ्यात आत दमट होऊन वासे कुजतील. आपल्याकडे चार महिने लाकडाला श्वास घ्यायला जागा लागते. पडक्या गिलाव्याच्या जागी सिमेंट, आणि वळचणीच्या मोकळ्या पट्टीला आतून डासांची स्टीलची जाळी, वर रीप ठोकून. नायलॉनची जाळी घेऊ नका, उन्हाने दोन वर्षांत चुरा होते. फवाऱ्याचा फोम काही जण सुचवतात. आमच्याकडचे उंदीर तो आवडीने कुरतडतात.

एक गोष्ट ठळकपणे: माश्या आत असताना भोक कधीही बंद करू नका. त्या दुसरी वाट शोधतात, आणि दुसरी वाट म्हणजे फळ्यांचा सांधा आणि तुमची खोली. आमच्या गल्लीत हे झालंय. दिवाभोवती तीनशे माश्या आणि पलंगाखाली माणसं.

डंखाबद्दल थोडक्यात. काटा रुतलेला असेल तर नखाने किंवा कार्डाने ताबडतोब खरवडून काढा. कशाने काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं, कारण काट्यासोबतची विषाची पिशवी आत विष सोडतच असते. डंखाच्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्या माश्यांना इशारा असतो, म्हणून तिथे उभं राहून हात झटकू नका, घरात जा. साबणाने धुवा, बर्फ लावा. अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती काहीही न करता १०८ ला फोन किंवा थेट रुग्णालय. खूप डंख एकदम बसले असतील तर ॲलर्जी नसली तरीही.

चौथ्या फेब्रुवारीत शोधक माश्या आल्या तेव्हा मी खुर्ची टाकून बसले होते. एक माशी जाळीवर उतरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, पुन्हा परत आली. डोकं घालून बघितलं. मग दुसरी. चार दिवस हा तपास चालू होता. पाचव्या दिवशी कोणी आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं,” आणि मंजिऱ्या खुडायच्या थांबल्या.

जाळी दर वर्षी बघावी लागते, आणि ती बघायची वेळ म्हणजे शाकारणी. कौलं परतणारे आता मोजकेच उरलेत. आमच्याकडे येणारे बाबा वसईहून येतात आणि एप्रिल उजाडला की त्यांच्या तारखा भरलेल्या असतात. म्हणून वळचणीला पहिली शोधक माशी दिसली की मी त्यांनाच फोन करते: “बाबा, पाहुणे येऊन बघून गेले, तारीख द्या.” यंदा १९ एप्रिल मिळालीय. जाळी आणून ठेवलीय, रीपा अजून आणायच्यात.